ही आवृत्ती इथे कोणी ठरवली?

पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा, आणि तिच्या अनेक आवृत्त्या एकाच संगणकावर सांभाळणारं साधन म्हणजे पायएन्व्ह. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून संगणक चालवायच्या खिडकीत, ‘पायएन्व्ह व्हर्जन्स’ लिहून एंटर दाबलं की संगणकावर पायथनच्या जेवढ्या आवृत्त्या नांदत असतील त्यांची यादी एकाखाली एक येते. त्यातली जी आत्ता चालू आहे तिच्यापुढे तारा असतो. इथवर विशेष काही नाही, यादी कुणीही देईल. पण ताऱ्याच्या त्या ओळीत, आकड्याच्या पुढे, कंसात अजून काहीतरी लिहिलेलं असतं: ही आवृत्ती अमक्या फाइलने ठरवली. आणि त्या फाइलचा पत्ता, फोल्डरच्या आतल्या फोल्डरसकट.

माझ्या कामात दिवसभर हजारो ओळी डोळ्यांखालून जातात. त्यातल्या बहुतेक ‘काय झालं’ एवढंच सांगतात. ‘कोणी ठरवलं’ हे सांगणाऱ्या ओळी फार थोड्या. म्हणून त्या कंसाचं मला कौतुक आहे, आणि हा लेख त्याच्याबद्दलच आहे.

मी गोव्यात, फोंड्यात, घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करते. माझ्या लॅपटॉपवर पायथन २.७.१८, ३.८ आणि ३.१२ आहे. नोड, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, १६ आणि २० आहे. जावा ८ आणि १७ आहे. नव्याने या धंद्यात आलेल्यांना हे पाहून कसंतरीच होतं. एवढं जुनं सामान कशाला बाळगायचं, असा चेहरा करतात. पण यातल्या प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी माणूस आहे. जावा ८ वर एका पुरवठादाराची बिलं निघतात. ३.८ वर एक काम आहे, ज्याचा मालक दर वर्षी ‘पुढच्या वर्षी बदलू’ म्हणतो. आणि २.७.१८ वर एक वाचनालय चालतं.

वाचनालय आमच्या बाजूच्या गावातलं. अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या, कुठल्याही मराठी वाचनालयात असतात तशी तिथे धार्मिक पुस्तकं, कादंबऱ्या, बांधून ठेवलेले दिवाळी अंक आणि नाटकं. नाटकं तर ढिगाने. जत्रा आली, काला आला की प्रत्येक वाड्यावरून कोणीतरी नाटकाचं पुस्तक न्यायला येतो, तालमी सुरू होतात आणि ते पुस्तक वेळेवर कधीच परत येत नाही. प्रॉम्प्टरच्या हातात असतं ते, कसं येणार? त्यामुळे उशिराचा दंड हा तिथला मोठा व्यवहार. पुस्तकांची नोंद आणि दंड या दोन्हींसाठी गावातल्याच एका मुलाने पूर्वी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. तो मुलगा नोकरीला बाहेर गेला, प्रोग्राम राहिला. वाचनालयाचे कार्यवाह निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी एक दिवस मला बोलावून घेतलं. “बाय, जुना काँप्युटर आता उठत नाही. नव्यात हे घालून दे.” माझ्या वाट्याला २.७ आलं ते असं.

‘मग नव्या पायथनवर नेऊन टाका ना,’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक गंमत सांगते. ‘गोवा’ या शब्दाची लांबी विचारा. पायथन ३ सांगतं ४: ग, ओकार, व, काना. पायथन २ मध्ये तोच शब्द साध्या अवतरणात लिहिला असेल तर उत्तर येतं १२, कारण ते अक्षरं मोजतच नाही, बाइट, म्हणजे साठवणीचे तुकडे, मोजतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या रूढ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. मास्तरांना विचाराल तर ते सांगतील २.

आता त्या मुलाने पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी छापताना नाव ६० वर कापलं होतं. साठ बाइट, म्हणजे देवनागरीतली वीस चिन्हं. चिठ्ठीची रुंदी बघून, छापून, परत छापून त्याने तो आकडा काढला असणार. मध्ये एखादी मोकळी जागा आली की हिशेब बिघडतो, कारण मोकळी जागा एकाच बाइटची. मग कात्री नेमकी अक्षराच्या मधून चालते आणि शेवटी एक चौकोन उमटतो. वाचनालयातल्या कितीतरी पुस्तकांच्या पाठीवर तो चौकोन आहे. मास्तर त्याला पूर्णविराम समजत होते. हाच प्रोग्राम पायथन ३ वर चालवला तर ६० म्हणजे ६० चिन्हं होतात आणि नाव चिठ्ठीवरून उतरून पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर जातं. चूक दाखवणारी एकही ओळ येत नाही. ओरडून मोडणाऱ्या गोष्टी बऱ्या, त्या सापडतात. ही गुपचूप बदलते.

दंडाची गोष्ट याहून गुपचूप. ती शेवटी सांगते.

तर २.७. याचा इतिहासही मजेशीर आहे. पायथन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये, मागच्याशी जुळवून घेणार नाही असं सांगूनच आलं. २.७ त्याच्या मागून, २०१० मध्ये. म्हणजे नव्या घराचा गृहप्रवेश झाल्यावर जुन्या घराला शेवटचा मजला चढवला. त्याची मुदत आधी २०१५ ठरली होती. लोक हलेनात, तेव्हा २०२० केली. १ जानेवारी २०२० ला ती संपली आणि त्या एप्रिलमध्ये निघालेली २.७.१८ ही शेवटची. तिच्यात आता कुणी काही दुरुस्त करणार नाही. त्यामुळे इंटरनेटला जोडलेल्या कामासाठी मी २.७ ला हात लावत नाही आणि कुणाला लावू देत नाही. वाचनालयाचा संगणक जाळ्यावर नाहीच, तिथे तो बसून राहिला तर कुणाचं बिघडत नाही. जुनी आवृत्ती ठेवणं आळस आहे की शहाणपण, हे आवृत्तीच्या आकड्यावरून कळत नाही. ती कुठे ठेवली आहे ते बघावं लागतं.

गोव्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये. पोर्तुगालचा १८६७ चा दिवाणी कायदा इथे लागू झाला. पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये नवी संहिता करून तो मोडीत काढला. पण तोवर गोवा मुक्त झाला होता आणि चालू असलेले कायदे बदलेपर्यंत तसेच राहतील असं १९६२ च्या कायद्याने ठरलं होतं. त्यामुळे लिस्बनमध्ये जे गेलं ते म्हापशाच्या आणि मडगावच्या नोटरीकडे चालूच राहिलं. लग्न झालं की नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, हा त्यातलाच नियम. पुढे वारसाहक्काचा भाग गोव्याने आपल्या कायद्याने बदलून घेतला, तो २०१६ पासून लागू आहे, बाकीचा जुनाच. मुळात ज्याने लिहिलं त्याने सोडून दिलं तरी इथे पिन करून ठेवलेली, वर आपला तुकडा जोडलेली आवृत्ती. आणि ही इथे कोणी ठरवली, हे कागदावर दाखवता येतं. वकिलाला विचारलं तर तो कायद्याचं नाव आणि साल सांगतो. तेच, कंसातलं वाक्य.

आता पायएन्व्ह हे करतं कसं ते सांगते, कारण मदतीचा मजकूर वाचताना ही यंत्रणा डोळ्यांसमोर नसेल तर तो मजकूर म्हणजे नुसते शब्द.

तुम्ही ‘पायथन’ म्हटलं की शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, पाथ नावाच्या यादीतले फोल्डर एकेक करून तपासतो आणि ज्यात त्या नावाचं काही पहिल्यांदा सापडेल ते चालवतो. पुढे काय आहे ते बघतही नाही. पायएन्व्ह त्या यादीच्या अगदी सुरुवातीला आपला एक फोल्डर ठेवतं. त्यात पायथन, पिप (पायथनला जोडसामान बसवणारं साधन) वगैरे नावांच्या छोट्या फाइली असतात, त्यांना शिम म्हणतात. त्यांच्यात पायथन नसतो. आमच्याकडे एखाद्या वाड्यावर सगळी घरं नाईकांची असतात. नवा पोस्टमन येतो तो आधी नाक्यावरच्या गाड्यापाशी थांबतो. गाड्यावर बसलेला माणूस पत्र हातात घेत नाही, फक्त विचारतो, कुठून आलंय? मुंबईहून? मग वरच्या घरात. मस्कतहून? मग तळीच्या बाजूला. शिम हा तो गाड्यावरचा माणूस. हाक कुठल्या फोल्डरमधून आली ते बघतो आणि पुढे पाठवतो.

बघण्याचा क्रम ठरलेला आहे. या एकाच खिडकीपुरतं काही सांगितलंय का, ‘पायएन्व्ह शेल’ने? सांगितलं असेल तर ते. नसेल तर इथल्या फोल्डरमध्ये ‘.पायथन-व्हर्जन’ नावाची फाइल आहे का? नसेल तर वरच्या फोल्डरमध्ये, त्याच्याही वरच्या, अशी शेवटपर्यंत चढण. तिथेही नसेल तर ‘पायएन्व्ह ग्लोबल’ने ठरवलेली. आणि काहीच नसेल तर संगणकाबरोबर आलेली, जिला ते ‘सिस्टम’ म्हणतात. वाचनालयाच्या फोल्डरमध्ये मी ‘पायएन्व्ह लोकल २.७.१८’ म्हटलं, तेव्हा झालं एवढंच की तिथे एका ओळीची फाइल तयार झाली. नोटपॅडमध्ये उघडता येते. तिच्यात जादू नाही, आणि हीच तिची थोरवी.

या क्रमामुळे होणारे घोटाळे ठरावीक असतात. घरच्या मुख्य फोल्डरात कधीतरी ‘लोकल’ म्हणून ठेवलेलं असतं आणि विसरलेलं असतं. मग खालचं प्रत्येक काम ती आवृत्ती उचलतं आणि माणूस ‘ग्लोबल’ बदलत बसतो. बदल होत नाही. चिडतो. अशा वेळी तो कंस एका नजरेत सांगतो, अरे, फाइल ती नाही, ही. ‘पायएन्व्ह व्हर्जन’ म्हटलं तरी चालतं, शेवटचा स नसलेलं. मग यादी येत नाही, फक्त चालू असलेली आणि तिचा जन्मदाखला.

एक आणखी संदेश मला आवडतो. पायथन ३ चालू असताना ‘पायथन२.७’ मागितलं तर ही आज्ञा सापडली नाही असं तो म्हणतो, पण तिथे थांबत नाही. पुढे लिहितो की ही आज्ञा या-या आवृत्त्यांमध्ये आहे, आणि खाली २.७.१८ दाखवतो. सरकारी खिडकीवर ‘इथे नाही’ एवढंच ऐकायची सवय झालेल्या माणसाला, ‘इथे नाही, पण त्या खोलीत आहे’ हे ऐकून भरून येतं.

पायएन्व्हचा हा स्वभाव वारशातून आला आहे. मूळ साधन रूबी भाषेसाठीचं, आरबीएन्व्ह, सॅम स्टीफनसनने २०११ मध्ये काढलेलं. पायएन्व्ह त्याचीच फांदी. त्याची मदत कशी लिहिली आहे ते एकदा उघडून बघावं. आरबीएन्व्हची प्रत्येक आज्ञा म्हणजे शेलची एक वेगळी छोटी फाइल. त्या फाइलच्या डोक्यावर टिपा लिहिलेल्या असतात: सारांश, वापर, मग दोन परिच्छेद. ‘आरबीएन्व्ह हेल्प’ म्हटलं की ते त्या टिपाच वाचून दाखवतं. मदतीची वेगळी वही नाही. ज्याने आज्ञा बदलली त्याच्या नजरेसमोर, दोन ओळींवर, तिची मदत असते. ती तशीच ठेवून पुढे जायला जरा निर्लज्जच व्हावं लागेल. आणि यादीच्या वरचं शीर्षकही नम्र आहे: ‘काही उपयोगी आज्ञा’. सगळ्या नाहीत. काही.

युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीची पहिली हस्तपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची. तिच्यात आज्ञांच्या वर्णनाखाली ‘बग्ज’ असा रकाना होता, म्हणजे आमच्या वस्तूत काय बिघडलेलं आहे ते आम्हीच लिहून ठेवतो. आजच्या साधनांच्या मदतीत तो रकाना शोधून सापडत नाही. त्याऐवजी रंगीत अक्षरं असतात.

वाड्यावरचा एक मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अडला की माझ्याकडे येतो. मागे आला तो लॅपटॉप उघडाच हातात घेऊन. सीनियर मुलांचा प्रोजेक्ट त्याच्या गटाला पुढे न्यायचा होता आणि तो सुरूच होत नव्हता. लालभडक ओळी, त्यात ‘डिजिटल एन्व्हलप रूटीन्स, अनसपोर्टेड’.

“ताई, एनव्हीएम घातलं, पण ते बसलंच नाही.”

“कशावरून?”

“व्हिच एनव्हीएम म्हटलं, तर काहीच येत नाही.”

हा गैरसमज फार जणांचा होतो. नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं एनव्हीएम ही फाइल नाही, शेलच्या आत भरलेलं फंक्शन आहे, त्यामुळे फक्त पाथमधल्या फाइली शोधणाऱ्या ‘व्हिच’ला ते दिसत नाही. ‘कमांड डॅश व्ही एनव्हीएम’ असं विचारलं की ते आपलं नाव सांगतं. त्याने विचारलं, सांगितलं. म्हणजे बसलं होतं. शिम वगैरे भानगड इथे नाही. ‘एनव्हीएम यूज’ म्हटलं की ते त्या खिडकीपुरता पाथच बदलून टाकतं. म्हणून दुसरी खिडकी उघडली की पुन्हा मूळ पदावर, आणि फोल्डर बदलला म्हणून आवृत्ती आपोआप बदलत नाही. पायएन्व्हची सवय असलेला इथे हमखास फसतो, आणि उलटही.

आता त्या लाल ओळी. नोड १७ पासून आत ओपनएसएसएल ३ (कूटलेखनाचा कोडसंच) आलं, आणि त्याने जुने हॅश, म्हणजे मजकुराचा ठसा काढायच्या जुन्या रीती, बाजूला ठेवले. वेबपॅक ४, म्हणजे वेबसाइटचा कोड एकत्र बांधणारं साधन, अजून जुनाच हॅश मागतं. सीनियर मुलांनी प्रोजेक्ट केला तेव्हा त्यांच्याकडे १६ असणार. त्याच्याकडे २०. इंटरनेटवर त्याला उपाय मिळाला होता: एक लांबलचक पर्याय जोडा, म्हणजे नोड जुनं ओपनएसएसएलचं वागणं चालवून घेईल. तो जोडल्यावर चाललंही असतं. मला तो उपाय आवडत नाही. त्याने प्रश्न सुटत नाही, फक्त प्रश्न कुठून आला ते दिसायचं बंद होतं, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हातात कारण माहीत नसलेला एक पर्याय पडतो.

“सीनियरांनी कुठली आवृत्ती वापरली ते लिहून ठेवलंय का कुठे?” मी विचारलं.

“नाही. रिपोर्टमध्ये फक्त नोड जेएस लिहिलंय.”

मग मी त्याला ‘एनव्हीएम हेल्प’ काढायला लावलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. हे जरा शाळेसारखं झालं, मान्य. पण डोळ्यांनी वाचताना मुलं पहिल्या दोन ओळींनंतर गाळतात. एनव्हीएमची मदत लांब आहे, दोन पडदे भरतील एवढी, आणि मांडणी काही फार सुंदर नाही. पण तिच्यात ‘.एनव्हीएमआरसी’चा उल्लेख परत परत येतो. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो थांबला. “म्हणजे या फाइलमध्ये १६ लिहून ठेवलं तर?”

लिहिलं. ‘एनव्हीएम इन्स्टॉल’ म्हटलं, पुढे आकडा न देता. पहिली ओळ आली: अमक्या जागी ‘.एनव्हीएमआरसी’ सापडली, तिच्यात १६ आहे. मग खाली उतरवणं सुरू झालं. मी त्याला त्या पहिल्या ओळीवर बोट ठेवायला लावलं. प्रोजेक्ट चालला याचा त्याला आनंद झाला. मला ती ओळ त्याने बघितली याचा. पुढची पायरी वेबपॅक ५ वर जाण्याची आहे, १६ ची मुदतही केव्हाच संपली, हेही सांगितलं. पण आधी जुनं जसं होतं तसं उभं राहू दे, मग भिंती हलवा.

मदत स्वतःच्याच पडद्यावर वाचावी असं मी का म्हणते, त्याचं अजून एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यात भक्कम वाटतं. मदतीलाही आवृत्ती असते. एएसडीएफ नावाचं साधन आहे, एकाच छत्राखाली पायथन, नोड, रूबी, बाकी सगळं सांभाळणारं. वर्षानुवर्षं त्यात ‘एएसडीएफ ग्लोबल’ आणि ‘एएसडीएफ लोकल’ म्हणायची पद्धत होती. जानेवारी २०२५ मध्ये ०.१६ आली, आधी ते बॅश या शेलच्या भाषेत होतं, ते गो भाषेत नव्याने लिहून काढलं आणि त्यात या दोन्ही आज्ञा गेल्या, त्यांच्या जागी ‘एएसडीएफ सेट’ आली. इंटरनेटवरची जुनी उत्तरं, व्हिडिओ, शिकवण्या, चॅटबॉटचे सल्ले, यांच्यात अजून ‘ग्लोबल’ जिवंत आहे. ती उत्तरं लिहिली तेव्हा बरोबर होती. तुमच्या संगणकावर जे बसलं आहे त्याच्याशी जुळणारी मदत फक्त एकाच ठिकाणी असते, त्याच्याच पोटात. आडव्या दोन रेघा आणि हेल्प.

हल्ली मी नव्या कामांना मिझ हे असंच आवृत्त्या सांभाळणारं साधन वापरते. जेफ डिकीने रस्ट भाषेत लिहिलेलं आहे, आधी त्याचं नाव आरटीएक्स होतं. एएसडीएफची ‘.टूल-व्हर्जन्स’ फाइल ते वाचतं, त्यामुळे जुनं मोडावं लागत नाही. वेगवान आहे वगैरे सगळे सांगतातच. मी त्याच्याकडे गेले ते ‘मिझ एलएस’च्या यादीमुळे. साधन, आवृत्ती, आणि त्यापुढे स्वतंत्र रकाना: कुठल्या फाइलवरून. पायएन्व्हने जे कंसात घातलं त्याला इथे रकाना मिळाला.

एक राहिलंच. पायएन्व्ह पायथन उतरवतं म्हणजे त्याचा मूळ कोड आणून तुमच्याच यंत्रावर बांधतं. पावसात हे काम काढू नये. आमच्याकडे आषाढात वीज कधी जाईल याचा नेम नाही, पंखा लॅपटॉपचा असो की डोक्यावरचा, दोन्ही एकदम घों घों करत असतात आणि बांधकाम अर्ध्यावर. शिवाय लागणारी लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच, यंत्रावर नसली तर पायथन तयार होतो, पण लंगडा. तेव्हा येणारी सूचना अशी असते: बीझेड२चा भाग बांधला गेला नाही, बीझिप२ लायब्ररी नाहीये का? शेवटी प्रश्नचिन्ह. खात्री नसताना प्रश्नचिन्ह घालणारा संदेश मी दुसरीकडे क्वचितच पाहिला आहे. पण ही सूचना बऱ्याच ओळींच्या गर्दीत येते आणि वाचली जात नाही. मग काही महिन्यांनी एखादी दाबलेली फाइल उघडताना तो भाग नाही असं कळतं. आता यूव्हीसारखी साधनं आधीच बांधलेला पायथन उतरवतात. पावसाळ्यात मी तेच करते.

आणि ‘सिस्टम’वाल्याला हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला हवं. लिनक्सबरोबर आलेला पायथन त्या लिनक्सच्या स्वतःच्या कामासाठी असतो. डेबियन या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, तिथे पिपने काही बसवायला गेलं की ते चक्क नाही म्हणतं: हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं. सोबत काय करावं तेही सांगतं. लोक ते न वाचता जबरदस्तीचा पर्याय शोधतात, जो त्याच संदेशात खाली, धोक्याच्या इशाऱ्यासह दिलेला असतो.

तर दंड. प्रोग्राममध्ये ओळ होती: उशिराचे दिवस भागिले ७, गुणिले २. आठवड्याला दोन रुपये. पायथन २ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की पूर्णांकच येतो, उरलेलं गळून जातं. दहा दिवस उशीर, १० भागिले ७ म्हणजे १, दंड २ रुपये. पायथन ३ मध्ये तीच ओळ, एक अक्षर न बदलता, २.८५७१४२८५७१४२८५७ रुपये सांगते. भागाकाराची एक तिरकी रेघ आहे तिथे दोन केल्या की नव्यातही जुन्यासारखंच होतं. दोन रेघा २.७ लाही समजतात. म्हणजे दुरुस्ती एका टिंबाएवढी. पण करायची का? त्या मुलाला आठवडा पूर्ण झाल्याशिवाय दंड नको होता, की भाषेने ते त्याच्या नकळत ठरवून टाकलं होतं? ओळीच्या वर एक टीप नाही. मास्तरांना विचारलं.

मास्तरांनी जुन्या इतिवृत्ताची वही काढली. ठरावात लिहिलं होतं, उशिराबद्दल दर आठवड्यास रुपये दोन. त्यांनी चष्मा वर केला. “दहा दिवस म्हणजे दुसरा आठवडा लागला. चार रुपये व्हायला हवेत. हा दोन कोणाच्या सांगण्यावरून घेत होता इतकी वर्षं?”

मी सांगितलं, पायथनच्या.

त्यांना ते पटलं नाही. त्यांनी विषय कार्यकारिणीच्या पत्रिकेवर घेतला, चवथ झाल्यानंतरच्या सभेसाठी, आणि खाली स्वच्छ अक्षरात तीन पर्याय लिहिले: २ रुपये, २ रुपये ८५ पैसे, ४ रुपये. सभेत पहिल्यांदा बोलले ते नाट्यमंडळाचे सदस्य, ज्यांच्या वाड्यावर त्या घडीला वाचनालयाची सगळ्यात जास्त नाटकं होती. ते म्हणाले, ठराव काय हवा तो करा, फक्त तो जत्रेनंतर लागू करा. मास्तरांनी तसं लिहून घेतलं, आणि कोणाच्या सूचनेवरून, तेही.